सरळ बसलेलं खापर

भांडी बोलायची त्या काळची गोष्ट. खानदेशात एका लग्नाला मुलखामुलखाची भांडी जमली. कोकणातला घावनाचा तवा, मद्रासकडचं इडलीपात्र, समदी सरळ बसलेली. चुलीवर उपडं होतं ते एकटं खापर, पाठीवर पुरणाचे मांडे भाजणारं.

शहरातली कढई म्हणाली, "ढुंगण वर करून बसलायस. पाहुण्यांत लाज नाही वाटत व्हय रं?"

तवा फिदीफिदी हसला. खापराला ते लागलं. ते गुमान सरळ झालं.

तेवढ्यात मांडे करणारी बायजाबाई दोन्ही हातांवर मांडा पसरून आली. टाकायला पाठच नाही, ती खाली जाळात काजळलेली. मांडा हातावरच फाटला, पुरण राखेत पडलं.

"ह्याच्यावर आता काय भाजू, कपाळ? पुऱ्या तळा."

कढई लगेच चुलीवर चढली.

खापर आजबी सरळच बसतं. दाराशी, कुत्र्याच्या पाण्याला.