बरणीचा पट्टा

एकदा एका व्यापाऱ्याने नवी मोटार घेतली आणि पहिला प्रवास आपल्या वृद्ध गुरुजींना घडवायचा असे ठरवले. बॉनेटवर स्वस्तिक, समोर लिंबू-मिरची, सगळे सोपस्कार यथासांग झाले. स्वतःचा सीटचा पट्टा मात्र त्याने पाठीमागून नेऊन अडकवला होता, कारण तो न लावल्यास गाडी सारखी किणकिणते. हसू नका, असे शहाणे आपल्या प्रत्येक गल्लीत दोन-चार निघतील.

मागच्या सीटवर गुरुजींच्या शेजारी लोणच्याची मोठी बरणी होती. ती व्यापाऱ्याच्या बहिणीकडे पोचवायची होती. तेल सांडू नये म्हणून व्यापाऱ्याने बरणीला व्यवस्थित पट्टा बांधला होता. त्याची नऊ वर्षांची लेक मृण्मयी पुढच्या दोन सीटांमधल्या फटीत उभी राहून रस्ता पाहत होती.

गुरुजींनी बरणीचा पट्टा सोडला. मृण्मयीला तिथे बसवून तो तिला लावला, दुसरा स्वतःला लावला आणि बरणी मांडीवर घेतली.

"गुरुजी, तेल सांडेल हो. सीट नवीन आहे."

"सांडेल तर सांडेल."

व्यापाऱ्याला वाईट वाटले. "माझ्या चालवण्यावर भरवसा नाही का?"

"तुझ्यावर आहे रे. रस्त्यावरच्या म्हशीची आणि माझी ओळख नाही."

ती ओळख व्हायला वेळ लागला नाही. वळणावर म्हैस आडवी आली आणि व्यापाऱ्याने करकचून ब्रेक दाबला. त्याची छाती स्टिअरिंगवर आदळली. बरणी गुरुजींच्या हातून सुटली, पुढच्या दोन सीटांमधल्या फटीतून थेट गेली आणि डॅशबोर्डवर फुटली. मृण्मयी जागच्या जागी होती.

"बाबा, लोणचं गेलं," ती म्हणाली.

व्यापारी त्या फटीकडे पाहत राहिला.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "गाडी एकाएकी थांबली की काय होतं, हे तुला ठाऊक होतं. म्हणून तर बरणी बांधलीस. तुझं ज्ञान कमी पडलं नाही. लोणच्याची काळजी घेतलीस आणि लेकीला देवाच्या भरवशावर सोडलंस. आपल्या माणसांना काही होत नाही, असं आपण धरून चालतो ना, तिथे चुकतो."

व्यापाऱ्याने पाठीमागचा पट्टा सोडवून दुखऱ्या छातीवरून नीट लावला. मग बहिणीला फोन केला.

"लोणचं येत नाही गं," तो म्हणाला. "आम्ही येतोय."