रिकामी होडी

परदेशात व्यवस्थापन शिकून आलेल्या टिपणीससाहेबांना सरकारनं अरुंद खाडीवरची होडीसेवा सुधारायला धाडलं. होडी सकाळी भरून जाते नि रिकामी परतते, हे पाहून साहेबांनी होडी चालवणाऱ्या तांडेल सुभानभाईंना बजावलं, “यापुढे रिकामी होडी हलली, तर नोकरी गेलीच समजा!”

सुभानभाईंनी मान डोलावली, साहेबांना पलीकडे उतरवलं नि ते चार कोळणी घेऊन परतले.

संध्याकाळी साहेब पलीकडून ओरडले, “अहो तांडेल, होडी आणा!”

“इकडे उतारूच नाही साहेब! रिकामा आलो तर नोकरी जाईल!”

“अहो, मला न्यायला रिकामंच यावं लागेल ना?”

“तेच तर चाळीस वर्षं करतोय, साहेब!”

साहेब ओशाळून ओरडले, “हुकूम रद्द!”

होडी निघाली. दमलेल्या साहेबांसाठी सुभानभाईंनी चहाची किटली घेतली होती.