चुळीचा दगड

त्या दिवशी मळभ होतं, असं सांगतात. पाऊस नाही, वारा नाही, आणि ओढ्यावरचा कुजका वास जागचा हलत नव्हता. स्मशानाच्या वाटेवरचा हा पसरट दगड तेव्हाही इथंच होता. तिरडी क्षणभर टेकवायची, खांदेकऱ्यांनी खांदे बदलायचे, एवढंच त्याचं काम. विसाव्याचा दगड म्हणायचे त्याला. शेजारी हा झऱ्याचा खळगा.

पलीकडच्या माळावर संस्थानची टांकसाळ होती. तिथं हरबा ओतारी नाण्यांचे ठसे कोरायचा. संस्थानच्या धन्यांच्या मनात एकदा नव्या तऱ्हेचं नाणं काढायचं आलं. हरबानं तांबं, जस्त आणि थोडी चांदी यांचा मेळ घालून पाहिला. कितीदा बिघडला, कितीदा वितळवला. शेवटी एक नाणं उतरलं, पांढरं पण शेवाळी झाक असलेलं. ते पाडलं आणि ठसा तडकला, दुसरं निघालंच नाही. धन्यांनी ते बोटांत फिरवलं. म्हणाले, "मेल्यासारखा रंग आहे. ठेव तुझ्याकडंच." टांकसाळीची रीतच तशी होती म्हणे, नापसंत नमुना करणाऱ्याला द्यायचा. द्यायचा तो तोंडी. लिहून कोण ठेवतो?

भट्टीचा धूर हरबाच्या छातीत बसला होता. सहा महिन्यांत तो गेला. मेलेल्याच्या तोंडात सोन्याचा कण ठेवायची चाल तेव्हा गावात होती. म्हाताऱ्या बापाच्या, गोंदाबाच्या घरात कण कुठला? त्यानं पोराच्या तोंडात तुळशीच्या पानावर ते नाणं ठेवलं. पोराचं आहे, पोराबरोबर जाऊ दे, एवढंच त्याच्या मनात.

तिरडी या दगडावर टेकली आणि मागून माणसं आली. टांकसाळीचा दारोगा, धातू पुरवणारा माणिकशेट आणि निवाड्याला म्हणून बरोबर घेतलेला कुलकर्णी. असल्या एकुलत्या एक नाण्यांना वाटेल ती किंमत मोजणारा कुणी सरदार संस्थानात उतरला होता, तेव्हापासून दारोगा आणि माणिकशेट दोघांची झोप उडाली होती.

"नाण्यावर सरकारचं नाव आहे," दारोगा म्हणाला. "म्हणजे नाणं सरकारचं."

"नाव तुमचं, चांदी माझ्या दुकानची," माणिकशेट म्हणाला. "नाव खरवडून घ्या आणि चांदी मला द्या."

तिरडीच्या दोन बाजूंना उभे राहून हे चाललं होतं. हरबाच्या तोंडावर माशा बसत होत्या. त्या बाप एकटाच हाकलत होता.

कुलकर्ण्यानं त्याला विचारलं, "धन्यांनी दिल्याचा कागद आहे?"

"कागद नाही. धनी बोलले होते."

"मग आधी नाणं बाहेर काढू. मालकी मागाहून ठरेल."

सांडशी हरबाच्याच हातची होती. दारोगानं निघताना टांकसाळीतून उचलून आणलेली. गोंदाबा आडवा आला, त्याला दोघांनी धरून ठेवलं. जबडा ताठला होता. कट् करून आवाज झाला आणि नाण्याबरोबर पुढचा एक दात बाहेर आला. माणिकशेटनं नाणं उपरण्याला पुसलं, वर धरून पाहिलं आणि, सवयच ती, कस बघायला दाताखाली घालून चावलं.



गोंदाबानं हात पुढं केला. "दात द्या. तो माझा आहे. त्यालाही कागद लागत असेल तर सांगा."

मग त्यानंच धुळीतून दात वेचला, धोतराला पुसला, पोराच्या तोंडात नवं पान घालून त्यावर ठेवला. ओठ मिटेनात. चितेपर्यंत त्यानं ते हातानं धरून नेले.

पुढं दावा लागला. दोन्हीकडची माणसं मेली, त्यांचे नातू भांडले. संस्थान गेलं, टांकसाळीच्या भिंती माळाला मिळाल्या. नाणं कुठल्याशा कचेरीत लाखेनं बंद केलेल्या थैलीत पडलंय म्हणे, आणि कुणाचं ते अजून ठरलेलं नाही. ओताऱ्यांनी दावा लावलाच नाही.

आजही या गावात मेलेल्याच्या तोंडात धातू घालत नाहीत. पान आणि पाणी, बस. आणि स्मशानातून परतणारा प्रत्येकजण या दगडापाशी थांबून चूळ भरतो. ती चाल त्याच दिवसाची. सगळं उरकून गोंदाबा इथवर आला आणि बसून राहिला. तेव्हा शेजारच्या लक्षा कुंभारानं खळग्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्याच्यापुढं धरलं आणि म्हणाला, "आबा, चूळ भरा. चावलं माणिकशेटनं, पण पाहिलं आपण सगळ्यांनी."