खारुटीचा चिंचोका आणि गवताची गाडी

एक होतं मैदान. मैदानाच्या कडेला चिंचेचं झाड. झाडावर राहायची एक खारुटी. बोटभर खार अन् हातभर शेपटी!

खारुटीकडे एक चिंचोका होता. छान गुळगुळीत. एकदा काय झालं? चिंचोका सुटला. टुण्णकन पडला. उंच उंच गवतात गडप झाला. खारुटीला रडूच आलं.

मैदानात उभी होती लाल गाडी, गवत कापायची. वर खुर्ची, खाली पातं. खुर्चीवर सोपानकाका.

तुरुतुरु तुरुतुरु खारुटी गेली.

"काका काका, गवत कापा. चिंचोका सापडेना."

काका म्हणाले, "मैदानात जाई आहे ना. पात्याला डोळे नाहीत. गवत कुठलं, पाय कुठला, त्याला कळत नाही. जाई कडेच्या कट्ट्यावर बसेल, मग मी गाडी चालवेन."

जाई होती चार वर्षांची. गाडीच्या पोटात काय आहे? पातं कसं फिरतं? तिला सगळं बघायचं होतं.

तुरुतुरु तुरुतुरु खारुटी गेली.

"जाई जाई, कट्ट्यावर बस. गाडी चालेना, चिंचोका सापडेना."

जाई म्हणाली, "मी काकांच्या मांडीवर बसणार."

काका म्हणाले, "खुर्ची एक, माणूस एक."

जाईने गाल फुगवले. "कट्टा तापलाय. चटका बसतो. आई गोधडी अंथरेल, मग मी बसेन."

आई होती कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी.

तुरुतुरु तुरुतुरु खारुटी गेली.

"जाईच्या आई, जाईच्या आई, गोधडी अंथरा. जाई बसेना, गाडी चालेना, चिंचोका सापडेना."

आई म्हणाली, "गोधडी ओलीचिंब. वारा वाळवेल, मग मी अंथरेन."

वारा चिंचेवर लोळत होता.

तुरुतुरु तुरुतुरु खारुटी गेली.

"वाऱ्या वाऱ्या, वाहा जरा. गोधडी वाळेना, जाई बसेना, गाडी चालेना, चिंचोका सापडेना."

वारा म्हणाला, "मी झोपलोय. कोंबडा आरवेल, मग मी उठेन."

झोपलेला वारा बोलतो कसा? खारुटीला नवल वाटलं. पण विचारणार कुणाला?

तुरुतुरु तुरुतुरु खारुटी गेली.

"कोंबडोबा कोंबडोबा, आरवा की. वारा उठेना, गोधडी वाळेना, जाई बसेना, गाडी चालेना, चिंचोका सापडेना."

कोंबडा म्हणाला, "घसा कोरडा पडलाय. कुणी पाणी देईल, मग मी आरवेन."

तुरुतुरु तुरुतुरु खारुटी नळापाशी गेली.

"नळा नळा, पाणी दे. कोंबडा आरवेना, वारा उठेना, गोधडी वाळेना, जाई बसेना, गाडी चालेना, चिंचोका सापडेना."

नळ काय बोलणार? नळ म्हणाला, "टप."

खारुटीने नळाखाली शेपटी धरली. टप टप टप. शेपटी भिजली.

मग काय!

खारुटीने कोंबड्याच्या चोचीत शेपटी झटकली, कोंबड्याचा घसा भिजला. कुकूच कू! वारा उठला. भिर्र भिर्र! गोधडी वाळली. आईने कट्ट्यावर अंथरली. जाई बसली. शेजारी आई बसली. खारुटीही बसली, शेपटी आत घेऊन.

काकांनी पुढे पाहिलं. बाजूला पाहिलं. मागे वळून पाहिलं. मैदानात कुणी नाही.

घर्र घर्र, गाडी चालली. सर्र सर्र, गवत कापलं. एक खडा उडाला, टण्णकन कुंपणावर आपटला. एवढ्या लांब! जाईने पाय वर घेतले.

घर्र... घर्र... गप्प. गाडी थांबली. जाई उठली.

आईने तिचा फ्रॉक धरला. "थांब गं. पातं अजून फिरतंय."

पातं थांबलं. काका उतरले. किल्ली खिशात गेली.

"आता या," काका म्हणाले.

खारुटी तुरुतुरु, जाई दुडुदुडु. इकडे बघ, तिकडे बघ. चिंचोका कुठे?

"हा बघ," जाई म्हणाली. तिने चिंचोका उचलला आणि खारुटीच्या हातात दिला.

पात्याला डोळे नाहीत. पण जाईला आहेत, चांगले दोन!

चिंचोका गेला झाडावर, जाई बसली गोधडीवर, आणि गोष्ट संपली इथवर.