मेणाची तीन मिनिटे

“एक तरी स्वर इकडचा तिकडे झाला आहे का, मेस्त?”

विसेंत कुलासोने टेपरेकॉर्डर बंद केला आणि खुर्ची पुढे ओढली. उत्तर त्याला ठाऊक होते. मुंबईहून गोव्यातल्या या ओसरीवर तो शाबासकी घ्यायलाच आला होता.

समोर त्याचे म्हातारे गुरू बसले होते, मेस्त आनिसेत. गोव्यात चर्चच्या शाळेतल्या संगीतगुरूला मेस्त म्हणतात. पण त्याआधी, तरुणपणी, त्यांनी मुंबईत चौदा जणांचा जाझ बँड उभा केला होता आणि तसे वाजवणे तोवर तिथे कोणी ऐकले नव्हते. पुढे बँड फुटला, मेस्त गावी परतले आणि विसेंतला ट्रंपेट ओठांना कसा लावावा, हे त्यांनीच शिकवले. बँडच्या सुरुवातीच्या तबकड्याच काय त्या उरल्या. त्यांवरची गाणी विसेंतने आता स्वतःच्या बँडकडून जशीच्या तशी बसवून टेपवर घेतली होती.

मेस्त टेपरेकॉर्डरकडे पाहत राहिले.

“काहीतरी बोला.”

“तुझे सॅक्सोफोनवाले पोटभर जेवून आले होते का रे?”

विसेंत हसला नाही. “मी या गाण्याच्या शेवटाबद्दल विचारतो आहे. संथ चाललेली चाल एकाएकी उधळते, त्या जागेबद्दल. ‘मेस्तांची दौड’ म्हणून मी ती आयुष्यभर शिकवत आलो आहे.”

“काय शिकवतोस?”

“सुख असेच हातातून निसटते, म्हणून मेस्तांनी ही दौड घातली.”

मेस्तांच्या गळ्यातून खाकरल्यासारखा आवाज आला. ते हसत आहेत, हे विसेंतच्या उशिरा ध्यानात आले.

“भिंतीवर तांबडा दिवा होता, पोरा.”

“दिवा?”

“त्या काळी संगीत मेणाच्या तबकडीवर कोरले जाई. तीन मिनिटांत मेण संपे. संपत आले, की दिवा लागे.”

“मग?”

“दिवा लागला. आमचा अर्धा शेवट बाकी होता.”

“म्हणजे तुम्ही…”

“वाजवत पळालो. चौदाही जण. ड्रमवाल्याच्या हातातली काठी पडली, तरी पळालो.”

या दौडीसाठी विसेंतने बँडमधल्या मुलांना रडवले होते. एका मुलाने ती जागा संथच ठेवली, तेव्हा त्याला सर्वांदेखत घरी पाठवले होते. तो पुन्हा आला नव्हता.

“मला हे आजवर का सांगितले नाहीत?”

“तू विचारायला कधी आला होतास?”

विसेंतचा आवाज चढला. “आणि तुम्ही स्वतः? तिथल्या तिथे थांबून का सांगितले नाहीत, की हे चुकले, पुन्हा घेऊ?”

“तबकड्यांच्या कंपनीचा साहेब टाळ्या वाजवत आत आला. म्हणाला, काय अपूर्व कल्पना लढवलीत!”

“तुम्ही काय म्हणालात?”

“वाकून आभार मानले.”

“तुमचा बँड रोज ज्या हॉटेलात वाजवी, तिथे तरी खरा शेवट वाजवला असेल.”

“लोक तबकडी ऐकून येत. चाल उधळली नाही, तर काटेचमचे टेबलावर आपटत. मालक डोळे वटारी. आम्ही पळत असू. रोज.”

विसेंत उठला, ओसरीच्या पायरीपर्यंत गेला आणि परत आला. इतक्या वर्षांत प्रथमच तो मेस्तांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला.

“मग तो शेवट मला द्या, मेस्त. दिव्याच्या आधीचा. आठवेल तेवढा द्या. मी मुलांना नव्याने शिकवीन. ज्याला घालवून दिले, त्याच्या दारात जाऊन शिकवीन.”

मेस्तांनी डोळे मिटले. बँडसमोर उभे असल्यासारखा त्यांनी उजवा हात वर नेला.

हात सावकाश खाली आला. पुन्हा वर गेला.

मग हात आपोआप पळू लागला.

मेस्तांनी तो डाव्या हाताने पकडला आणि मांडीवर दाबून धरला.

“पुन्हा एकदा, मेस्त…”

“नको, पोरा. मलाही आता तेवढेच येते.”