फळीवरचे मडके

पुष्कळ काळ लोटला त्याला. नदीकाठी एक नगर होते आणि नगराच्या वेशीपाशी एक कुंभार राहत होता. लहानांनो, त्याच्या हातच्या रांजणात उन्हाळाभर पाणी गार राहायचे. आणि मोठ्यांनो, तुम्हाला हेही ठाऊक आहे की कुंभाराला आणखी एक मडके घडवावे लागते. अंत्ययात्रेच्या पुढे विस्तव धरून न्यायचे मडके.

एका पावसाळ्यात राजपुरोहित वारले. कुंभाराकडचा सगळा माल ओला होता, मडकी भाजायचा आवा पेटत नव्हता. पुरोहितांचा देह दीड दिवस ओसरीवर ठेवावा लागला. कोतवाल संतापून कुंभाराच्या दारी आला.

"यापुढे एक मडके भाजून तयार ठेवायचे," तो म्हणाला. "मरण काय तुझी माती वाळायची वाट बघत बसणार आहे?"

कुंभाराने मान हलवली. पुढच्या आव्यात त्याने एक मडके जास्तीचे भाजले आणि दारातल्या फळीवर ठेवले. इथवर कोणाचेच काही चुकले नव्हते.

पण मडके दारात दिसले की माणूस विचारतोच. नदीवर जाणारा एक जण थांबला. "हे कोणाचे रे?"

कुंभार हातातला रांजण वाजवून पाहत होता. आव्यातून निघालेले प्रत्येक भांडे तो बोटाच्या पेराने वाजवी आणि कान लावी. पक्के भांडे खणखणते, चिरलेले बद्द बोलते. आजवर त्याचा कान कधी चुकला नव्हता.

"म्हाताऱ्या सेनापतींचे," तो सहज म्हणाला. "परवा बाजारात बोलताना ऐकले. आवाज बद्द लागत होता."

सेनापती महिन्याभरात गेले.

झाले. नगरात बोलबाला झाला. कुंभाराला कळते, कुंभाराला ऐकू येते. मग लोक मुद्दाम विचारायला येऊ लागले आणि कुंभाराला ते आवडू लागले. रांजण चांगला झाला म्हणून कधी कोणी त्याला पारावर बोलावून बसवले नव्हते. आता बसवू लागले. तो देवळात कथा सांगणाऱ्या वृद्ध कथेकऱ्याजवळ जाऊन बसला, त्याचा श्वास ऐकून आला, आणि त्याने मडक्यावर चुन्याने पोथीचे चित्र काढले. कथेकरी अकराव्या दिवशी गेला.

त्यानंतर आवा उघडायच्या दिवशी वेशीपाशी जत्रेसारखी गर्दी जमू लागली. सामान्य माणसाचे नाव तिथे कोणी घेत नसे. ज्याला सगळे ओळखतात, ज्याला सगळ्यांनी कधीतरी हात जोडले आहेत, अशाच माणसाबद्दल अंदाज चालत.

"या खेपेला राणीसाहेबांची आत्या असणार."

"ती? ती तुला पोहोचवून येईल आणि वर जेवायला बसेल."

"मग राजवैद्यांचे वडील. त्यांना आता माणसेही ओळखू येत नाहीत."

"त्यांना पहिल्यापासूनच येत नव्हती."

लोक हसत. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता असे तेच सांगत. आपण काही कोणाला मारत नाही, नुसते बोलतो, एवढे त्यांना पुरत होते.

त्याच नगरात एक सनईवाला होता. पन्नास वर्षे नगरातले एकही लग्न त्याच्या सनईवाचून लागले नव्हते. घरात तो, त्याची बायको आणि आईबाप नसलेली एक नात, एवढीच माणसे. नातीचे लग्न ठरले होते, फाल्गुनातला मुहूर्त होता. "पोरीच्या मांडवात एवढी वाजवतो," तो म्हणे, "मग सनई खुंटीला टांगली तरी चालेल."

पौषात त्याला ताप आला आणि छाती भरली. वैद्य रोज येई, काढा देई. पंधरा दिवसांत ताप उतरला. सनईवाला भिंतीला टेकून बसू लागला, सनईच्या तोंडची पत्ती ओठांत धरून भिजवू लागला. वैद्य म्हणाला, "फाल्गुनापर्यंत उभे करतो तुम्हाला. दूध मात्र चुकवू नका."

अशात कुंभार समाचाराला आला. उंबऱ्याशी बसला, चार शब्द बोलला. सनईवाल्याला मध्येच खोकला आला. कुंभाराने मान तिरकी केली. रांजण वाजवताना करी तशीच.

दुसऱ्या दिवशी आवा उघडला तेव्हा फळीवरच्या मडक्यावर सनई काढलेली होती.

वैद्य त्या दिवसापासून येईनासा झाला. बायको त्याच्या दारी गेली, तेव्हा तो म्हणाला, "बाई, मडके भाजून झाले आहे. आता माझ्या काढ्याने काय होणार? उद्या ते गेले तर नाव माझे जाईल." शेळीचे दूध घालणारी आधी एक दिवस आली नाही, मग दुसऱ्या दिवशीही आली नाही. विचारले तर म्हणाली, "मला वाटले, आता कशाला." शेजारी येत, पण दारातूनच आत डोकावत आणि हळू आवाजात विचारत, "आहेत का?"

मग एका सकाळी व्याही आले. चांगले माणूस होते, ओशाळून बोलत होते.

"विहीणबाई, राग मानू नका. ऐन मांडवात काही बरेवाईट झाले तर सुतक येईल. अपशकुन तो अपशकुनच. तेव्हा फाल्गुनातला मुहूर्त राहू द्या. इकडचे काय ते एकदा होऊन जाऊ दे, मग पुढच्या वर्षी बघू."

"त्यांना बरे वाटते आहे," बायको म्हणाली.

"देव करो," व्याही म्हणाले आणि चहूकडे बघत उठले.

सनईवाला आतल्या खोलीत जागाच होता. बायको आत गेली तेव्हा त्याने विचारले, "म्हणजे मी आहे तोवर पोरीचे लग्न अडले म्हणायचे?"

ती त्याचे पांघरूण सारखे करू लागली. त्याने उशाशी ठेवलेली सनई फडक्यात गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. दुपारी त्याने ताट सरकवले. म्हणाला, "भूक नाही." पुढे रोज तेच म्हणाला. तिने पेज करून चमच्याने पाजायचा प्रयत्न केला. तो ओठ मिटून घेई आणि तिच्याकडे अशा नजरेने बघे, जसे काही तोच तिची समजूत घालतो आहे.

तो गेला. मडके फळीवरून उतरले. स्मशानाच्या वाटेवर दोन माणसे मागे चालत बोलत होती.

"एकवीस दिवस लागले."

"कथेकऱ्याला अकराच लागले होते. हा चिवट निघाला."

चौदाव्या दिवशी सनईवाल्याची बायको वेशीपाशी आली. कुंभार चाकावर होता. तिला पाहून त्याने चाक थांबवले.

"या वहिनी. फार वाईट झाले."

"तुम्हाला काय ऐकू आले होते त्या दिवशी?" तिने विचारले.

"छातीत चीर होती, वहिनी. बद्द आवाज होता. माझा कान खोटे सांगत नाही."

"चीर होती," ती म्हणाली. "पण तुम्ही मडकी ओळखता, भाऊ. मडक्याची चीर बुजत नाही, ते टाकूनच द्यावे लागते. माणसाची बुजते. त्यांची बुजत आली होती." मग जराशाने म्हणाली, "तुमच्या लग्नात त्यांनीच वाजवली होती. वरात उशिरा पोहोचली म्हणून उन्हात दोन घटका जास्त वाजवत उभे राहिले होते."

ती गेली. कुंभाराने चाक फिरवले, पण त्या दिवशी त्याच्या हाताखाली एकही भांडे सरळ उभे राहिले नाही.

त्यानंतर त्याने फळीवर मडके ठेवणे बंद केले; कोतवालाच्या हुकुमाचे मडके तो कोरेच आत ठेवी. कोणी तसे सांगितले नाही, कोणी रागावले नाही, त्याचा त्यानेच निश्चय केला. पण लोकांना करमेना.

"फळी रिकामी का?"

"ठेवणार नाही."

"का बरे?" लोक आपापसांत बोलू लागले. एकाने तर्क काढला. "अरे, कळत कसे नाही तुम्हाला? त्याने आपला स्वतःचाच आवाज ऐकला असणार."

सगळ्यांनी कुंभाराकडे नव्याने पाहिले. खरेच की. तोही आता म्हातारा झाला होता. आणि सगळे नगर आता त्याला ओळखत होते.

त्याला दर हिवाळ्यात आव्याच्या धुराने खोकला होई. तीस वर्षे होत होता आणि चैत्रात जात होता. पुढच्या हिवाळ्यात मात्र तो खोकला की रस्त्यावरची माणसे थांबून ऐकत. रांजण सांगायला आलेली बाई म्हणाली, "राहू दे, पुढच्या आठवड्यात बघते," आणि पलीकडच्या गावच्या कुंभाराकडे गेली. वैद्याला बोलावणे धाडले तर तो दुसऱ्या वाटेने निघून गेला.

मग एके दिवशी आवा उघडला आणि कुंभाराला फळीवर एक मडके दिसले. त्यावर चुन्याने चाक काढले होते.

"लोक सारखे विचारतात, बाबा," त्याचा मुलगा खाली बघत म्हणाला. मिशी पिकू लागलेला, कर्ता मुलगा. "किती दिवस फळी रिकामी ठेवायची?"

कुंभाराने मडके हातात घेतले. पेराने वाजवले. कान लावला. ते लख्ख खणखणले.

"पक्के आहे," तो म्हणाला. "चांगले घडवलेस." आणि त्याने ते जपून परत फळीवर ठेवले.

मग कुंभाराने अंथरूण धरले. त्याच्या आजारपणात एकच माणूस घरी आले. सनईवाल्याची बायको पेज घेऊन आली. कुंभाराच्या डोळ्यांत पाणी आले.

"वहिनी, तुम्ही मला क्षमा केलीत."

"नाही केली," ती म्हणाली. "पण आजारी माणसाच्या घरी कोणी येईनासे झाले की घर कसे होते, ते मी पाहिले आहे. प्या. गरम आहे तोवर प्या."

त्याने दोन घोट घेतले. तिसरा त्याला गिळवला नाही. पोरीचे लग्न झाले का, असे त्याने विचारले. झाले, ती म्हणाली. परगावचे वाजंत्री आणले होते.

चैत्र लागायच्या आधीच कुंभार गेला. मुलाने विस्तवाचे मडके धरले आणि तो पुढे चालला. एवढी गर्दी राजपुरोहितांच्या वेळीही नव्हती. चिता पेटली. ज्वाळा वर चढेपर्यंत लोक हात जोडून उभे होते. मग मागून कोणीतरी, शोभेल इतक्या हळू आवाजात, विचारले, "आता पुढचे कोण?"

मुलाने वळून पाहिले. त्याची नजर एकेका चेहऱ्यावरून सावकाश फिरू लागली. बापाने त्यालाही वाजवून पाहायला शिकवले होते.

धूर गर्दीवर आला होता. घसे खवखवत होते. आणि त्या नगरात पहिल्यांदाच प्रत्येक माणूस आपला खोकला दाबून उभा होता.

लहानांनो आणि मोठ्यांनो, सांगायचे ते इतकेच: आजारी माणसाच्या दारी जावे ते त्याला काय हवे ते विचारायला, तो कधी जाणार याचा अंदाज घ्यायला जाऊ नये.