सुलतानाची साखर आणि बिनवजनाचा ग्रंथ

सुलतान शमशादच्या कोठारातली साखर संपत आली होती, आणि ती फस्त केली होती विद्वानांनी!

दोष सुलतानाचाच. आपल्या जरीनाबादचं नाव जगभर गाजावं म्हणून त्याने दवंडी पिटवली होती, की जो कोणी ग्रीकांचा ग्रंथ अरबीत आणील, त्याला त्या ग्रंथाच्या वजनाइतकी पांढरी साखर! त्या काळी साखर म्हणजे राजेलोकांची चैन. झालं! विद्वानांची डोकी अशी चालू लागली की विचारू नका. कागद जाड झाले, अक्षरं वांग्याएवढी झाली, समास अंगणाएवढे झाले. ग्रंथाला लाकडी फळ्या, फळ्यांवर उंटाचं कातडं, कातड्यावर पितळी खिळे! माशीच्या पंखांवरचा एक चिमुकला निबंध तर हमालांनी खांद्यावरून आणला. तो वेष्टनासकट तोलला गेला, कारण सुलतान दिलेला शब्द फिरवत नसे.

पण ज्या दिवशी खुद्द त्याच्या ताटात अळणी हलवा आला, त्या दिवशी त्याचं टाळकं सडकलं. नेमका तेव्हाच म्हातारा अनुवादक नुअमान दरबारात उभा होता.

"पुढचा ग्रंथ पोटाच्या विकारांवरचा!" सुलतान गरजला. त्याचं स्वतःचं पोट सदा कुरकुरत असल्यामुळे या ग्रंथाची त्याला निकड होती. "अख्खा पाहिजे, एक शब्द गाळायचा नाही. आणि ग्रंथ कबुतराच्या पिसाहून जड भरता कामा नये! नाही जमलं, तर तुमचं ग्रंथघर रिकामं करा. तिथे मी उंट बांधीन!"

"आणि बक्षीस, हुजूर?"

"ठरल्याप्रमाणे. वजनाइतकी साखर!" असं म्हणून सुलतान दाढीतल्या दाढीत हसला.

नुअमान ग्रंथघराच्या भटारखान्यात येऊन मटकन खाली बसला. तिथे स्वयंपाकीण रुकय्याचं राज्य. रुकय्या अंगाने अशी भरलेली, की भटारखान्याचं दार तिच्यासाठी रुंद करावं लागलं होतं. ग्रंथघर गेलं की आपली चूलही गेली, हे तिला सांगायला नको होतं. पण घाबरणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"कांदा मी चिरतेय, मालक. रडताय तुम्ही कशाला?"

"पिसाएवढा ग्रंथ! लिहू कशावर? धुरावर?"

"लिहायचं कोण म्हणालं? हुजुरांनी ग्रंथ मागितलाय, कागद नाही मागितला. इथले शिष्य नाही का ग्रंथ तोंडपाठ करून म्हणून दाखवत? मग गुरू सांगतो, हा या ग्रंथाची खरी प्रत आहे."

"खरंच की!" नुअमान ताडकन उठला. "आत्ता एखाद्या शिष्याला बोलावतो."

"त्यांची हाडं मोजता येतात, मालक. या कामाला माझ्यासारखीच हवी!"

ती असं का म्हणते हे नुअमानला कळेना, पण वाद घालायला वेळ कुठे होता? ग्रीक पोथी समोर धरून तो अरबीत बोले, आणि रुकय्या कणीक तिंबत त्याच्यामागून म्हणे. यकृताचा अध्याय रोट्यांबरोबर भाजला गेला, आतड्यांचा मसूर निवडताना झाला. शेवटी तिने सगळा ग्रंथ काझींसमोर घडाघडा म्हणून दाखवला आणि काझींनी तिला रीतसर खरी प्रत ठरवलं.

ठरल्या दिवशी रुकय्या रिकाम्या हातांनी दरबारात आली.

"ग्रंथ कुठाय?" सुलतान ओरडला.

"डोक्यात, हुजूर. कुठलंही पान उघडा!"

"अस्सं? खरबुजाबद्दल काय म्हटलंय?"

"'खरबूज जेवणाआधी खावं. जेवणावर खाणारा रात्री हकिमाला उठवतो आणि सकाळी खरबुजाला शिव्या देतो.'"

दरबारात खसखस पिकली. सुलतानाने कालच काय केलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं! हकिमाने ग्रीक पोथीत बघून सांगितलं, "अगदी बरोबर, हुजूर!" मग सुलतानाने मुळा विचारला, मनुका विचारल्या, उचकी विचारली. रुकय्या कुठेच अडली नाही.

सुलतान एकदम मांडीवर थाप मारून म्हणाला, "वा! ग्रंथाला वजनच नाही. अट पुरी झाली, ग्रंथघर तुम्हाला लखलाभ! पण वजन नाही, तर साखरही नाही!"

"चल, जीव वाचला," नुअमानने तिची बाही ओढली.

"थांबा मालक, तोल व्हायचाय अजून." रुकय्या सुलतानाकडे वळली. "हुजूर, आजवर इतके ग्रंथ तोललेत. एखाद्याचं वेष्टन सोलून तोललंत?"

"नाही. तिथेच तर बुडालो!"

"मग माझ्याच ग्रंथावर अन्याय का? ग्रंथ पिसाहून हलका, हे आपण भर दरबारात कबूल केलंत. आता बक्षिसासाठी तो नेहमीसारखा वेष्टनासकट तोला!"

"कुठाय वेष्टन?"

रुकय्याने दोन्ही हात पसरले. "हे काय! जरा जाड आहे खरं. पण फाडलंत तर ग्रंथ जाईल!"

सुलतानाने आशेने काझींकडे पाहिलं. काझी खाकरले. "शिष्य ही ग्रंथाची प्रत, ही शास्त्राची रीत आहे, हुजूर. आणि प्रत वेष्टनासकट तोलायची, ही आपली!"

दरबारातली तागडी पाहूनच नोकर हसले. बाजारातून धान्याचा मोठा काटा आणावा लागला. रुकय्या एका पारड्यात ऐसपैस बसली. दुसऱ्यात पोत्यामागून पोती पडू लागली, पण तिचं पारडं काही जमीन सोडेना. कोठीवाला रडकुंडीला आला. सुलतान आधी लाल झाला, मग त्याचे गाल थरथरले, आणि तो असा खदाखदा हसत सुटला की त्याला पोट धरून आडवं व्हावं लागलं.

"मेलो, मेलो! पोट दुखायला लागलं! बोल बाई, यावर तुझा ग्रंथ काय म्हणतो?"

रुकय्याने पारड्यातूनच डोळे मिटून म्हटलं, "'ज्याचं पोट हसताना दुखतं, त्याने गोडाला हात लावू नये.'"

सुलतानाने हकिमाकडे पाहिलं. हकिमाने ग्रीक पोथीत बराच वेळ डोकं खुपसलं, एकवार रुकय्याकडे बघितलं आणि मुकाट्याने मान डोलावली.

"मग ठेवू कुणासाठी?" सुलतान डोळे पुसत ओरडला. "घाला, राहिलेली सगळी पोती घाला तिच्या गाडीवर! आणि ग्रंथघरात आजपासून रोज हलवा शिजू दे. वास घ्यायला तरी मी येईन!"